उजवीकडचा ठिपका

फोटोंची परीक्षा करायला मला का बोलावलं हे मला तेव्हाही नीटसं कळलं नव्हतं. जालन्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं माझं काम. कॅमेरा कधी हातात धरला नव्हता, आणि रानात गेलो तरी पायाखाली बघत चालणारा माणूस मी. वाचनालयात पक्ष्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. बदली होऊन गेलेला कुणी साहेब ते ठेवून गेला होता आणि माझ्याशिवाय ते कुणी उघडत नव्हतं. एवढ्यावरून गावात बोलबाला झाला की बद्रीनाथला पाखरांतलं कळतं. मला पुस्तकातल्या पाखरांतलं कळत होतं. पण हे सांगायला गेलो असतो तर लोकांनी तो माझा विनय समजला असता, म्हणून गप्प बसलो आणि परीक्षक झालो.

लढाईची वर्षं होती ती. निजाम सरकारचं राज्य होतं. दिवाळीनंतर जालन्यात जनावरांचं आणि कापसाचं प्रदर्शन भरायचं, त्याला सगळे नुमाइश म्हणत. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये घोंगड्या, चादरी, हातभर लांब मुळे असं काय काय मांडलेलं असे. तिथल्याच एका भिंतीवर फोटो लावायची कल्पना रामरावांची. रामराव जंगलखात्यातून निवृत्त झालेले, उंचेपुरे, शिकारी. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की कॅमेरा झुडपात लपवायचा, त्याच्या खटक्याला दोरी बांधायची आणि ती पक्ष्याच्या वाटेवर आडवी ताणून ठेवायची. पक्षी आपल्या पायांनी चालत येतो, छातीनं दोरी ओढतो आणि स्वतःचा फोटो स्वतःच काढतो. माणूस जवळपास नसतो. आमच्याकडे त्याला दोरीचा कॅमेरा म्हणायला लागले.

पहिल्या वर्षी एका जिनवाल्याच्या मुलाचा फोटो पहिला आला होता. ऐटीत उभा असलेला तित्तर होता. रामरावांनी स्वतः पदक त्याच्या छातीवर लावलं. मग महिनाभरात त्या मुलाच्याच गड्यानं बाजारात सांगितलं की तित्तर बंदुकीनं मारलेला होता, आणि पाठीमागून बांबूच्या कामट्या लावून उभा केला होता. तेव्हापासून रामराव बाजारातून निघाले की कुणीतरी हमखास विचारायचं, “साहेब, तित्तर उडून गेला का हाय अजून उभा?” ते हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते फार लागलं होतं. म्हणून पुढच्या वर्षी, मला परीक्षक केलं तेव्हा, त्यांनी नियम केले. मेलेला किंवा बांधलेला पक्षी बाद. हात फिरवलेला फोटोही बाद. हात फिरवणं म्हणजे कागदावर छापण्याआधी फोटो ज्या काचेवर उमटतो त्या काचेवर पेन्सिलीनं, चाकूनं सुधारणा करणं. स्टुडिओवाल्यांची ती रोजची कला होती.

तिसरे परीक्षक धर्मराज मास्तर, शाळेत चित्रकला शिकवणारे. त्यांच्या गालात कायम सुपारी असे आणि बोलायची वेळ आली की ते ती दुसऱ्या गालात सरकवत.

दुपारी शेडच्या ओसरीत सतरंजीवर बसून आम्ही फोटो बघायला लागलो. नावं झाकून नंबर घातले होते, पण जालना ते केवढं. मास्तर पहिलाच फोटो बघून म्हणाले, “ही कोंबडी हाय.”

“कोंबडी पक्षी न्हाई का?” रामराव म्हणाले.

“हाय. पण हिला दोरी कशाला लागती? दाणे टाकले की येती.”

दुसऱ्या फोटोत मोराचा नुसता पिसारा होता, मोर पुढं निघून गेलेला. तिसऱ्यात दोरी होती, गवत होतं, आणि कोपऱ्यात बकरीचं तोंड. मास्तरांनी तो माझ्याकडे सरकवला. “बद्रीभाऊ, तुमच्या पुस्तकात हिचं नाव काय दिलंय?” मीही हसलो. एवढं सोपं असेल तर आपण निभावून नेऊ असं मला वाटलं.

मग तो फोटो आला.

माळढोक होता. नर, जवळून, सबंध काच भरून. डावीकडे तोंड करून उभा. मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, एक पाय उचललेला, पुढचं पाऊल अजून टाकायचं राहिलेलं. दोरी छातीत रुतून तिची टोकदार घडी झाली होती आणि तिथली पिसं दुभंगली होती. मागं कुसळी गवत, आणि त्यावर पडलेली पक्ष्याची सावली. कॅमेरा पुष्कळ दिवस बाहेर राहिल्यामुळे काचेच्या एका कडेला उजेड झिरपून धुरकट पट्टा आला होता. त्या पट्ट्यानंसुद्धा फोटोला काही उणं आलं नव्हतं. सकाळचं धुकं असावं तसा तो दिसत होता.

मास्तरांच्या तोंडातली सुपारी थांबली. रामराव उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“मुनीरचा,” मास्तर हळूच म्हणाले.

मुनीर म्हणजे सदर बाजारातल्या फकरोद्दीनमियाँचा एकुलता मुलगा. तो पावसाळ्यात वारला होता.

फकरोद्दीनमियाँच्या स्टुडिओची ओळख सांगायला हवी. आमच्या भागात त्या काळी माणसं जिवंतपणी फोटो काढत नसत. कुणाला खर्च नको असे, कुणाला वाटे की त्यानं आयुष्य कमी होतं. माणूस गेल्यावर घरच्यांच्या ध्यानात यायचं की याचं तोंड आता परत दिसणार नाही. मग सदर बाजारात निरोप जायचा. फकरोद्दीनमियाँ लगेच यायचे. मयताला खुर्चीवर बसवून पाठीमागून उपरण्यानं बांधायचे, फोटो काढायचे, आणि स्टुडिओत जाऊन काचेवर बारीक चाकूनं, पेन्सिलीनं त्याचे मिटलेले डोळे उघडायचे. चौकटीतला फोटो घरी आला की म्हातारी माणसं पदर डोळ्याला लावून म्हणायची, “बोलंल आता.” हिंदू असो, मुसलमान असो, आमच्या कितीतरी घरांच्या भिंतींवर त्यांनी उघडलेले डोळे होते. शेजारीपाजारी त्यांना चाचा म्हणायचे, आणि या कामासाठी त्यांना एक प्रकारचा मान होता.

मुनीर वेगळा निघाला. बारीक, हसऱ्या तोंडाचा, वाचनालयात येऊन माझं ते जाड पुस्तक चाळणारा. इंग्रजी त्याला येत नव्हतं, तो चित्रंच बघायचा आणि मी नावं सांगायचो. एकदा मला म्हणाला, “बद्रीभाऊ, लहानपणापासून मी अब्बांच्या तोंडून दोनच शब्द ऐकले. हलू नका. मला हलणाऱ्याचा फोटो काढायचाय.”

दोरीच्या कॅमेऱ्यावरून बापलेकांचं रोज वाजायचं. स्टुडिओचा जुना कॅमेरा घेऊन तो माळांवर जायचा आणि रिकामा परत यायचा. लढाईमुळे काचा मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून एकेक काच वाया गेली की फकरोद्दीनमियाँचा पारा चढायचा. “फोटो तू काढतो का दोरी काढती?” ते विचारायचे. “तू घरी झोपलेला, पाखरू तिकडं. मंग त्यो फोटो तुझा कसा?” मुनीर म्हणायचा, “जागा कुणी निवडली, अब्बा? दोरी किती उंच, ते कुणी ठरवलं?” हे मी दुकानात उभा राहून ऐकलेलं आहे. शेवटच्या वेळी चाचा म्हणाले होते, “एक तरी फोटो दाखव. न्हाई तर गुमान स्टुडिओत बस.” आणि मुनीर म्हणाला होता, “या खेपेला आणल्याबिगर येतच न्हाई.”

तो केदारखेड्याकडच्या माळावर गेला. तिथल्या पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या रानाला लागून एक उंचवटा होता आणि पावसाळ्यात माळढोक रोज सकाळी तिथं येऊन उभा राहतो हे त्यानं हेरलं होतं. गावात पटकीची साथ होती. मुनीरला ती लागली आणि दोन रात्रींत तो गेला. ओढ्यांना पूर आलेले, रस्ते बंद. साथीचं मयत ठेवायचं नसतं म्हणून गावच्या लोकांनी त्याला तिथंच दफन केलं. फकरोद्दीनमियाँ पोचले तेव्हा ओल्या मातीचा ढीग तेवढा होता.

काही दिवसांनी पुंजारामनं कॅमेरा बैलगाडीत घालून, वर गोणपाट टाकून जालन्याला आणून दिला. “झुडपात तसाच होता, चाचा,” तो म्हणाला. “दोरी ओढलेली दिसली. कधी ओढली कुणाला म्हाईत. म्या हात न्हाई लावला.”

म्हणजे काचेवर काहीतरी होतं. तेच आता आमच्यासमोर सतरंजीवर होतं.

“दुसरं बघायची गरजच न्हाई,” रामराव म्हणाले. “ह्योच. बिलकुल ह्योच.”

मास्तरांनी मान हलवली. काम झालं होतं. पण मी भिंग घेऊन आलो होतो आणि एकदाही वापरलं नव्हतं. आपण इथं उगाच बसलो असं दिसू नये म्हणून मी ते फोटोवर धरलं आणि पिसं, टोपी, चोच बघत बघत डोळ्यापाशी आलो.

डोळा सुरेख होता. काळाभोर, पाणीदार, आणि त्यात उजेडाचा एक पांढरा ठिपका. ठिपका बुबुळाच्या उजव्या बाजूला होता.

मी सावलीकडे पाहिलं. सावली उजवीकडे पडली होती. म्हणजे ऊन डावीकडून होतं. मला वाटलं, माझंच चुकतंय, आरशासारखं काही उलटं होत असेल. मी बाजूच्या फोटोतल्या बकरीचा डोळा बघितला. तिच्या डोळ्यातला ठिपका ज्या बाजूनं ऊन होतं त्याच बाजूला होता.

“एक विचारू का,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. “ऊन कोणीकडून आहे?”

रामरावांनी फोटो ओढून घेतला. भिंगातून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“हे डोळे मी ओळखतो,” ते म्हणाले. “माझ्या आईचा फोटो हाय घरी. हेच डोळे. असाच ठिपका, उजवीकडं. चाचा जिथं बसून डोळे काढतात, त्या स्टुडिओची खिडकी उजवीकडं हाय.”

खरंच होतं. मला माझ्या थोरल्या काकांचा फोटो आठवला. आमच्या गावातली सगळी मेलेली माणसं उजवीकडच्या त्या एकाच खिडकीकडे बघत होती.

“म्हंजे हात फिरवलाय,” मास्तर म्हणाले.

“हात फिरवलाय हे झालंच. पण मास्तर, ज्याला डोळे काढून द्यावे लागतात तो जिवंत असतो का?”

“पाय उचललाय की त्यानं.”

“माझ्या तित्तरानंबी उचलल्ता,” रामराव म्हणाले. त्यावर कुणी हसलं नाही.

मुनीर तसं करणार नाही असं मला वाटत होतं, पण माझ्या वाटण्याला काय किंमत. मला तर जिनवाल्याचा तित्तरही खरा वाटला होता.

फकरोद्दीनमियाँ शेडमध्येच होते. आम्ही बोलावलं तेव्हा लगबगीनं आले. अंगात धुतलेली शेरवानी होती, दाढी नीट केलेली. बोलावणं चांगल्या बातमीचं आहे असं त्यांना वाटलं होतं. काखेत त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळलेली मूळ काच आणली होती. मागाल तर दाखवता यावी म्हणून.

“बसा, चाचा,” रामराव म्हणाले. “ह्या पक्ष्याचा डोळा...”

“मी केलाय,” ते लगेच म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही चोरटेपणा नव्हता. “बराबर न्हाई झाला का?”

“हात फिरवायचा न्हाई असा नियम हाय.”

“हात कुठं फिरवला? पिसाला लावला न्हाई, गवताला लावला न्हाई. त्यो धूर आलाय कडंला, त्योबी तसाच ठेवला. डोळा म्हंजे हात फिरवणं न्हवं, साहेब. डोळा उघडल्याबिगर आमच्या दुकानातून फोटो बाहेर जात न्हाई. त्याबिगर फोटो पुराच होत न्हाई.”

ते मनापासून बोलत होते. ज्याच्या चेहऱ्यावरचा डाग पुसला त्याच्यावर हात फिरवला, ज्याचा डोळा उघडला त्याचा फोटो पुरा केला, असा हिशोब त्यांच्या डोक्यात सारी हयात पक्का झालेला होता.

“आधी कसा होता डोळा?” मास्तरांनी विचारलं.

चाचांनी काखेतली काच पुढं धरली. “मिटलेला होता.”

“पुरता मिटलेला?”

“पांढरट. साय आल्यावानी.”

रामरावांनी फडक्यातली काच घेतली आणि उजेडाकडे धरली. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. डोळ्याच्या जागी चाकूनं खरवडून काच स्वच्छ केलेली होती. वरचा थर गेला होता. पेन्सिलीचा ठिपका पुसता येतो, पण खरवडलेलं परत येत नाही. खाली काय होतं ते आता कुणालाच बघायला मिळणार नव्हतं.

“आधी एखादा फोटो छापून बघितला न्हाई?”

“कागद कुठं मिळून राह्यलाय साहेब आजकाल. हाय तेवढा एकच छापला.”

रामरावांनी काच फडक्यात ठेवली. मग त्यांनी ते विचारलंच. “चाचा, राग मानू नका. पक्षी मेलेला होता का?”

फकरोद्दीनमियाँ सतरंजीकडे बघत राहिले. शेडमध्ये कुठलासा बैल हंबरत होता आणि कुणीतरी त्याला चुचकारत होतं.

“मला काय म्हाईत,” ते अखेर म्हणाले. “मी न्हवतो तिथं. काच धुतली तवा मिटलेला डोळा दिसला. मला मिटलेला डोळा म्हंजे एकच म्हाईत हाय. मला वाटलं, मेलंय. मीच म्हणल्तो त्याला, एक तरी फोटो दाखव. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं पोरगं त्या जिनवाल्याच्या वाटंनं गेलं. मेलेलं पाखरू उभं केलं त्यानं, माझ्यासाठी.” त्यांनी शेरवानीच्या बाहीवरून उगाच हात फिरवला. “कुणाला कळू नये म्हणून उघडला डोळा. रजिया न्हाई म्हणत होती.”

रजिया म्हणजे मुनीरची बायको. ती इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर बायकोनं घरातच राहायच्या चार महिने दहा दिवसांच्या मुदतीत, घरी बसलेली होती, तिला इथं येता येणार नव्हतं.

“काय म्हणत होती?” मी विचारलं.

“ओली काच तिच्याच हातात होती. म्हणली, अब्बा, पापणी लवलीय पाखराची. राहू द्या. मी म्हणलं, पोरी, पाखराला कुठं पापणी असती माणसावानी.”

मला पुस्तकातलं ते पान आठवलं. कुठल्या बाजूला, कुठल्या चित्राखाली, तेसुद्धा. सांगावं की नाही याचा मी विचार करत राहिलो, कारण सांगून आता उपयोग नव्हता आणि न सांगूनही चालणार नव्हतं.

“चाचा,” मी म्हणालो, “पक्ष्यांना डोळ्यावर आणखी एक पडदा असतो. पातळ, पांढरट. आडवा सरकतो आणि परत जातो. धूळ येऊ नये म्हणून, काही अंगाला लागलं तर. असं पुस्तकात आहे.”

“तुम्ही बघितलाय?”

“नाही. मी नुसतं वाचलंय.”

“मी बघितलाय,” रामराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “कोंबडीचाबी सरकतो की. घुबडाचा तर किती येळा बघितला. साय आल्यावानीच दिसतो. दोरी छातीला लागली, त्यानं डोळा झाकला.” ते स्वतःशीच बोलल्यासारखे थांबले. “मेलेल्याचा असा ऱ्हात न्हाई. मेलेल्याचा डोळा आत बसतो. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.”

फकरोद्दीनमियाँनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“म्हंजे त्यो पडदा परत उघडणार होता?”

“लगेच,” मी म्हणालो. “पुढच्या घटकेला नाही, पुढच्या क्षणाला.”

“म्हंजे ते जिवंत होतं.”

“हो.”

“म्हंजे मुनीरनं...” ते पुढं बोलले नाहीत. फडक्याचं टोक हातात घेऊन त्याची घडी घालायला लागले, परत सोडायला लागले. त्यांचा चेहरा मी बघू शकलो नाही. पोरगं खरं निघालं याचा आनंद त्यावर होता, आणि त्याच्याच खाली दुसरं काहीतरी होतं, ते वर येत होतं.

“माझ्या हातानं मारलं मंग ते,” ते म्हणाले.

मास्तर म्हणाले, “असं का म्हणता, चाचा.”

“बराबर हाय तेच म्हणून राह्यलोय. जिवंत होतं, ते मी मयतात घातलं.”

मग मास्तरांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली आणि रामरावांना विचारलं, “आता?”

रामराव अडले होते. फोटो जिवंत पक्ष्याचा आहे हे त्यांना पटलं होतं, पण दाखवायला पुरावा नव्हता. एका डोळ्याची गोष्ट होती आणि तोच डोळा खरवडलेला होता. नियम त्यांनीच केले होते, आणि ते का केले हे गावाला माहीत होतं. हात फिरवलेला फोटो त्यांनी पहिला आणला असता तर बाजारात तित्तराच्या जोडीला माळढोक आला असता. तरी ते म्हणाले, “मी एक येळ गावाचं हसणं सोसलंय. अजून एक येळ सोसीन. बोला मास्तर, बोला बद्रीभाऊ.”

मला पदक द्यावंसं वाटत होतं आणि देणं बरोबर आहे असं वाटत नव्हतं.

फकरोद्दीनमियाँनीच ते सोडवलं. “बाद करा,” ते म्हणाले. “नियम हाय तर हाय. पण साहेब, एक करा. मेलेला पक्षी म्हणून बाद करू नका. डोळ्यासाठी करा. आन् तिथं वर उभं राहून सांगा, की फोटो मुनीरचा हाय, पाखरू जिवंत होतं, डोळा बापानं केला. माझं नाव घेऊन सांगा.”

“चाचा, चारचौघांत...”

“चारचौघांतच सांगा. त्याला म्हणल्तो मी, फोटो दोरीचा, तुझा न्हाई. आता त्यो त्याचाच हाय हे समद्यांनी ऐकायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी पदक त्या मोराच्या पिसाऱ्याला मिळालं. बक्षीस द्यायला तालुकदारसाहेब, निजामाचे मोठे अंमलदार, आले होते. रामराव मंचावर उभे राहिले आणि त्यांनी चाचांनी सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता, सांगितलं. माझ्या माहितीत त्यांनी कधी इतकं हळू आणि इतकं सांभाळून भाषण केलं नव्हतं. पण त्याच वेळी मैदानात बैलांची मिरवणूक निघाली होती, हलगी वाजत होती, आणि अर्धे लोक तिकडे तोंड करून होते. पुढच्या रांगेतल्यांनी ऐकलं. त्यांनी मागच्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही.

फोटो आम्ही भिंतीच्या टोकाला, नंबराशिवाय लावला. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: माळढोक, केदारखेडा. मुनीर फकरोद्दीन. आणखी काही लिहावं का, याचा विचार करत मी दौत उघडी ठेवून बसलो, आणि मग दौतीला बूच लावलं.

लोक त्या फोटोपुढेच जास्त थांबले. मोराकडे कुणी बघेना. फकरोद्दीनमियाँ बाजूला एका खांबाला टेकून उभे होते. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. कुणीतरी म्हणावं, काय उभा राहिलाय बघा पठ्ठ्या. कुणीतरी विचारावं, मुनीरनं कॅमेरा ठेवला तरी कुठं असेल.

आष्टीहून लेकीकडे आलेल्या झुंबरबाई तिथं आल्या. त्यांच्या मालकांचा फोटो चाचांनीच काढलेला होता, मयताच्या दिवशी. त्या पदर सावरून फोटोपुढे उभ्या राहिल्या, डोकं एकीकडे कलतं करून बघत राहिल्या, आणि मग वळून चाचांना म्हणाल्या, “तुमचाच हात दिसतोय, भाऊ. डोळा बघून वळखलं म्या. लई जिवंत केलंय पाखरू.”

“ते जिवंतच होतं, बाई,” फकरोद्दीनमियाँ म्हणाले. “माझ्या पोरानं जिवंत पाखराचा फोटो काढला. दोरी बघा छातीला. मी नुसता डोळा बिघडवला.”

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत माया होती. ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलं आहे तिथं बसायला गेल्यावर आपण बघतो तशी ती नजर होती.

“हो, हो,” त्या म्हणाल्या. “तसंच म्हणावं, भाऊ. आमचेबी मालक त्या फोटोत जिवंतच हैत.”

आणि त्यांचा हात हातात घेतल्यासारखं करून त्या पुढे गेल्या.

नुमाइश उठली त्या दिवशी मी फोटो खाली काढून, आमच्याकडे राहिलेल्या काचेसकट द्यायला थांबलो होतो. शेड रिकामी झाली होती, घोंगड्या गुंडाळून गेल्या होत्या. चाचांनी फोटो माझ्या हातातून घेतला. त्यावरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली. मग तो दोन्ही हातांनी धरून त्यांनी दाराकडच्या उजेडात नेला, आणि उजव्या अंगठ्यानं पक्ष्याचा डोळा झाकला.

“आता बघा, बद्रीभाऊ,” ते म्हणाले.

मी बघितलं. उचललेला पाय होता. दुभंगलेली पिसं होती. डावीकडून ऊन येत होतं, आणि ज्याला पुढचं पाऊल टाकायचं होतं त्याच्या छातीपाशी दोरी ताणलेली होती.

“एवढा मुनीरचा,” ते म्हणाले.

फोटो फडक्यात बांधायला त्यांना अंगठा काढावा लागला असता. ते तसेच फोटो धरून सदर बाजाराकडे चालायला लागले. काच आणि फडकं घेऊन मी मागून गेलो.